दंडारटोलीचा रंगीत नकाशा

एखाद्या वस्तीचा नकाशा काढणाऱ्याने ती वस्ती एकदा तरी पायांनी पाहिलेली असावी, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. मी ती पाळली नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या मोहबोडी नावाच्या खेड्यातील दंडारटोली या वस्तीचा भिंतीवर लावण्याजोगा मोठा रंगीत नकाशा मी पुण्यात बसून, फोनवरची माहिती आणि मागवलेले फोटो यांवरून पूर्ण केला आणि तो छापून झाल्यावरच ते गाव पाहायला निघालो. परतल्यानंतर हे लिहीत आहे. ज्यांना तिकडे जाण्याचा योग आलेला नाही त्यांना ते गाव थोडेफार दिसावे हा एक हेतू आहे. दुसरा हेतू वाचताना आपोआप ध्यानात येईल.

नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून माझी नोकरी झाली. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यापासून मी जुन्या कारागीर-वस्त्यांचे नकाशे हौसेने काढतो. घरे, गल्ल्या, विहिरी आणि प्रत्येक घरावर त्या घरच्या कलेचे एक लहानसे चित्र, असे त्यांचे स्वरूप असते. कुणाकडून तरी ऐकून मोहबोडीच्या ग्रामपंचायत सदस्या मंदाताईंनी मला फोन केला. त्यांच्या टोलीत कित्येक पिढ्यांपासून दंडार खेळली जाते. ढोलकी, टाळ, फेर धरून नाच आणि मधूनच उभे राहणारे सोंग असा हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा लोकनाट्यप्रकार. दिवाळीनंतर गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, आणि त्या दिवशी दंडार हवीच. "आमच्या टोलीचा नकाशा मंडईले लावू," असे त्या म्हणाल्या होत्या, आणि मी लगेच होकार दिला. नाही म्हणणे मला सहसा जमत नाही. पूर्ण विचारून घेणेही जमत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

कारधा

नकाशा चुरगळू नये म्हणून मी तो नळकामाच्या दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपात भरला होता. भंडाऱ्याच्या स्थानकावर साकोलीच्या गाडीत चढताना वाहकाने पाइपाकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.

"बोअरचा पाइप दिसते. एवढ्याशा पाइपानं पानी कुठून लागन जी?"

मी नम्रपणे सांगितले की त्यात नकाशा आहे.

"कुठचा?"

"मोहबोडीचा."

"मोहबोडीले नकाशा कायले पायजे? उतरलं का सरळ गाव, दुसरा रस्ताच नायी."

सारी गाडी हसली, मीही हसलो. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यात शिरताच गाडीचे चाक बसले. चाक बदलेपर्यंत आम्ही रस्त्याकाठच्या टपरीवर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबाची फोड येते; इथे त्यावर चण्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आले. टपरीवाल्या बाईंनी ते पाहिले आणि न विचारता आणखी एक पळी तर्री वाढली. त्यांच्या मते मला रडू आवडीमुळे आले होते. मी तेही खाल्ले. खाली नदी रुंद आणि संथ पसरली होती, आणि मासेमारीच्या लहान होड्या, दोन डोंगे, जवळजवळ न हलता तिच्यावर उभे होते. ते दृश्य मला फार देखणे वाटले. नदीवर जाळे टाकणारा माणूस लांबून नेहमी देखणाच दिसतो.

साकोली

साकोलीच्या स्थानकावर मंदाताई स्कूटी घेऊन आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने सडपातळ आणि बोलण्यात तडफदार. त्यांनी पाइप माझ्या खांद्यावर आडवा ठेवून दिला आणि म्हणाल्या, "धरून बसा, भाऊ. समोरून ट्रक आला तं आधी नकाशाले वाचवा."

महामार्ग सोडताच दोन्ही बाजूंना कापलेल्या बांधी लागल्या. बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. काही ठिकाणी धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते आणि वाळत्या तणसाचा उबदार वास रस्त्यावर आला होता. लांबवर नागझिऱ्याच्या जंगलाची निळसर रेघ दिसत होती. वाऱ्यातून शब्द मागे फेकत मंदाताईंनी मला जे सांगितले ते फोनवर त्यांनी कधी सांगितले नव्हते.

दंडारटोली एका तळ्याला बिलगून आहे, पण तिचे दोन भाग आहेत. पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, वरच्या टोलीत शेती करणारी घरे. पाण्याजवळच्या खालच्या टोलीत तळ्यात आणि नदीत मासेमारी करणारी घरे. मंदाताई माहेर-सासर दोन्हीकडून खालच्या टोलीतल्या. दंडार मात्र पूर्वी एकच होती: पडदे वरच्या टोलीचे, गळा खालच्या टोलीचा. दंडारीच्या आरंभी पानाचा विडा देतात. विडा ज्याच्या हाती आधी जातो त्याचा मान पहिला. एका मंडईला तो मान वरच्या टोलीकडे गेला. खालच्या टोलीने ढोलकी खाली ठेवली. तेव्हापासून तळ्याच्या दोन टोकांना एकाच वेळी दोन दंडारी होतात, आणि दोघांच्याही ढोलक्या एकमेकींचे ऐकू येऊ नये इतक्या जोराने वाजतात.

"माहे बाबा दंडारीत राणी व्हायचे," त्या म्हणाल्या. "बाबा गेले तवा दोन्ही टोल्या रडल्या, भाऊ. पन वेगवेगळ्या बसून."

या नकाशाच्या निमित्ताने त्यांनी दोन्ही टोल्यांच्या पाया पडून, भांडून, रुसून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. यंदा एकच दंडार, तळ्याच्या मधल्या पाळीवर. वर्षभराची खटपट उद्याच्या दुपारवर येऊन टेकली होती. माझ्या खांद्यावरचा पाइप एकाएकी जड झाला.

मोहबोडी, मंडईची आदली संध्याकाळ

मंदाताईंच्या घरी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आणि मातीच्या पालथ्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी जेवलो. ती रोटी हातावर घेऊन उलगडताना रुमालासारखी लोंबते; मला ती तुटल्याविना खाता येईना, आणि मंदाताईंच्या सासूबाईंनी "पुन्याच्या मानसाले रोटीची घडी पडत नायी वं" असा निकाल दिला.

नंतर मारुतीच्या मंडपात नकाशा उलगडला. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या क्षणांत मी त्या पहिल्या काही मिनिटांना आजही स्थान देतो. बायका, म्हातारे, माहेरवाशिणी, सारे वाकून बोटाने आपापले घर शोधत होते. "हा आपला गोठा!" "ही पाह्य आपली चिंच!" "माह्या घराच्या कवेलूचा रंग कसा बराबर काढला!" एका बाईंनी स्वतःच्या घराला चक्क हात लावून नमस्कार केला.

मग कुणीतरी मोठ्याने वाचले, "एक नंबर, आसारामजी."

मी घरांना क्रमांक दिले होते. आरेखनातली ती साधी पद्धत आहे: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आरंभ करावा आणि उजवीकडे, खाली जात राहावे. त्या कोपऱ्यात पडदे रंगवणाऱ्या आसारामजींचे घर होते. सर्वांत खाली, पाण्याशी, शेवटचा क्रमांक आला होता तुळशीराम बुवांच्या वाट्याला. दंडारीचा पहिला गण ज्याच्या गळ्यातून निघतो असे दोन्ही टोल्या मानतात, ते हे बुवा.

मग वरच्या टोलीतला एक जण म्हणाला, "घ्या! पुन्याहून छापून आलं. आमी तं म्हनलंच होतं." तिघाचौघांनी मोबाइल वर करून फोटो घेतला. दिवा लागायच्या आत तो फोटो दोन्ही टोल्यांत फिरला होता, आणि अंधार पडण्यापूर्वी खालच्या टोलीचा निरोप आला: शेवटल्या नंबरची मानसं दंडारीत पहिले गात नायी. तुमची तुमी खेळा.

मंदाताई ओट्यावर बसून राहिल्या. "मले वाटलं ते घरटॅक्सचे नंबर हायेत," त्या म्हणाल्या. त्यांनी मला दोष दिला नाही, हे मला अधिक लागले.

मला अज्ञानाची सबब सांगता येत नव्हती. ज्या शहरात मी वाढलो तिथे मानाचा पहिला गणपती कोणता, दुसरा कोणता, हे लहान मूलही सांगते आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत तो क्रम कुणी बदलू धजत नाही. आपल्या गावचा मान तो मान, आणि दुसऱ्याच्या गावचा तो निव्वळ अनुक्रमांक, असे मी मनाशी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत निघण्याचे माझे ठरले होते. मी मंदाताईंना सांगितले की मी जाणार नाही. हे नीट झाल्यावाचून जाणार नाही.

"नीट कसं करसान?" त्यांनी विचारले.

मला ते ठाऊक नव्हते. तरी मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो.

मंडईचा दिवस

सकाळी प्रथम आसारामजींकडे गेलो. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे गृहस्थ अंगणात एका जुन्या पडद्यावरच्या राजवाड्याचे उडालेले रंग भरत होते. मी क्षमा मागण्यास आरंभ करताच त्यांनी कुंचला हलवून मला थांबवले.

"अजी, मलेच नको तुमचा एक नंबर. घरच्या सुना कालपासून 'एक नंबर बुढा, चहा घे' म्हनून राहिल्या. तुळशीराम आन् मी एका बोडीच्या पान्यात पवाले शिकलो. पन आता मी त्याच्या दारी गेलो तं माही टोली म्हनन, बुढा वाकला. तुमी वाका. तुमचं इथं काय जाते?"

ते खरे होते. वाकण्याने माझे काही जाणार नव्हते. मी त्यांच्याकडून पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला मागून घेतला, मंडपातला नकाशा काढला आणि मधल्या पाळीवर, सर्वांच्या देखत, एकेक क्रमांक पुसू लागलो. मंडईची दुकाने लागत होती. फुटाणे, जिलेबी, बांगड्या, पाळणा. जाणारे-येणारे थबकत.

"काय करून राहिले हो?"

"चुना लावून राहिले."

"पुन्याचे हायेत. लावतीनच."

माझ्या छान छापलेल्या कागदावर पांढरे डाग पडत गेले. शेवटच्या घराशी आलो तेव्हा कागदावर सावली पडली. पांढऱ्या मिशांचा, उघड्या अंगावर उपरणे टाकलेला एक उंच म्हातारा उभा होता. कुणी न सांगता कळले की हे तुळशीराम बुवा.

मी उठून हात जोडले. "माझी चूक झाली. मी आपली क्षमा मागतो."

"माफी मांगून तुमी मोकळे होसान सायेब," ते शांतपणे म्हणाले. "आमी कसे होऊ?"

क्षमा मागण्याची मला फार सवय आहे. ती किती लवकर मागून टाकतो आणि मागितल्यावर किती हलके वाटते, हे त्या वाक्याने प्रथमच माझ्यासमोर ठेवले. मी म्हणालो, "नंबर पुसले आहेत."

"नंबराचं सोडा. नंबरासाठी तं नुसते पोट्टे बोंबलून राहिले." ते खाली बसले आणि नकाशावर बोट ठेवले. "हे पाहा. आसारामच्या घरावर कुंचला. त्याच्या बाजूले पेटी. इकडे मुकुट. इकडे घुंगरू. आता खाली या. जाळं. इथं जाळं. इथं डोंगा. इथं मासोळी. माह्या घरावर काय? जाळं." त्यांनी मान वर केली. "मासे धरनं आमचं पोट हाये. वरच्या टोलीवाले नांगर धरतेत. त्यांच्या घरावर एक तरी नांगर काढला का तुमी?"

मी नकाशा पाहिला. महिनाभर तो माझ्या टेबलावर होता, आणि हे मला दिसले नव्हते. खालच्या टोलीच्या घरांवरची जाळी मी किती कौतुकाने काढली होती! एकेक गाठ मोजून बारीक रेघेने काढली होती, कारण ती मला सुंदर वाटत होती. फोनवर मंदाताईंनी म्हटले होते, "आमची घरं मासे मारतेत," आणि तेवढ्यावर मी त्या माणसांना पुरते ओळखले असे समजलो होतो. वरच्या टोलीतल्या घरांना मी फोन करून विचारले होते, "आपल्या घरात कोणती कला आहे?" पाण्याजवळच्या घरांना हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. कलावंतांच्या वस्तीचा गौरव म्हणून काढलेल्या नकाशात मी निम्म्या वस्तीला कलावंत मानले नव्हते, आणि ते कसल्या दुष्टाव्याने नव्हे तर आवडीने केले होते. त्यामुळेच ते मला आपणहून कधी सापडले नसते.

या वेळी मी क्षमा मागितली नाही. डबा उचलला आणि सारी जाळी, डोंगे, मासोळ्या पांढऱ्या रंगाने बुजवल्या. बुवा पाहत राहिले. मग मी पेन्सिल काढून विचारले, "मला घरोघरी घेऊन जाल?"

"मी कायले? मंदे, यायले घेऊन जाय!"

पाळीवर बसलेल्या मंदाताई आधीच उठल्या होत्या. आम्ही खालच्या टोलीत फिरलो. अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यांखालून वाकून जावे लागे, मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले, तेव्हा एका आजीबाई म्हणाल्या, "पाहा नं, पाहाले काय होते? फक्त आमच्या कपाळावर काढू नोका." त्यांच्या नवऱ्याने आयुष्यभर दंडारीत राक्षस केला होता, त्यांच्या घरावर मी राक्षसाच्या मिशा काढल्या. पुढच्या घरात ढोलकी मढवली जाई. त्यापुढच्या घरचा माणूस फक्त हसवत असे, आणि हसवणे कसे काढावे यावर सगळ्या गल्लीत वाद झाला. अखेर वाकडी टोपी मान्य झाली. मंदाताईंच्या माहेरघरावर त्यांनी स्वतः पेन्सिल मागून घेतली आणि राणीची नथ काढली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. चित्रे वाळल्या रंगावर ओबडधोबड उमटत होती. छपाईच्या रंगीत घरांपुढे ती केविलवाणी दिसत, तरी मला ती पुसून सुबक करण्याचा मोह झाला नाही.

तुळशीराम बुवा आपल्या दारात बसले होते.

"आपल्या घरावर काय काढू?"

"काय काढसान? गळा काढता येते का?"

"नाही."

"मंग ठेवा तसंच. कोरं राहू द्या."

"आपण गाणार ना?" मी विचारले. ते तळ्याकडे पाहत राहिले. मंदाताईंनी माझी बाही ओढली.

दुपार झाली. मधल्या पाळीवर आसारामजींचा राजवाड्याचा पडदा टांगला गेला आणि त्याच्या शेजारी बांबूला डागाडागांचा नकाशा. वरची टोली पडद्याच्या डावीकडे बसली. खालच्या टोलीतली माणसे एकेक करून आली, नकाशासमोर थांबली, मिशांना आणि टोपीला हसली आणि उजवीकडे बसली. मध्ये एक मोकळी पट्टी राहिली. ती कुणी ठरवली नव्हती आणि कुणी ओलांडतही नव्हते. तुळशीराम बुवा सर्वांत शेवटी आले आणि कडेला पाठमोरे बसले.

मंदाताई विड्याचे ताट घेऊन उभ्या राहिल्या. हजारभर डोळे त्या ताटावर होते. त्या एक पाऊल डावीकडे वळल्या, उजवीकडून कुजबुज झाली. उजवीकडे वळल्या, डावीकडे कुणी तरी खाकरले. मी कुठेतरी दूर असतो तर बरे, असे मला वाटले नाही. ती वेळ गेली होती. मला तिथेच उभे राहून पाहायचे होते, मग काहीही होवो.

मंदाताईंनी ताट मधल्या मोकळ्या पट्टीत जमिनीवर ठेवले. "मी कोनाले देत नायी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ज्याले घ्यायचा त्यानं उठावं." आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात पदरात घट्ट गुंडाळलेले होते.

कुणीही उठले नाही. आसारामजी जमिनीकडे पाहत होते. पाळण्याचे करकरणे तेवढे ऐकू येत होते. मला वाटले, झाले. आता ही माणसे एकेक करून उठतील आणि तळ्याच्या दोन टोकांना जातील.

तेवढ्यात गण सुरू झाला. तुळशीराम बुवा उठले नव्हते, वळलेही नव्हते. पाण्याकडे तोंड करून, जणू स्वतःशीच, त्यांनी पहिला सूर लावला. म्हातारा, खरखरीत, पण खाली न पडणारा सूर. खालच्या टोलीची ढोलकी लगेच उचलली गेली. आसारामजींनी मान न वळवता आपल्या ढोलकीवाल्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि वरच्या टोलीचीही ढोलकी बोलू लागली. इतकी वर्षे वेगळ्या राहिलेल्या त्या दोन ढोलक्यांची लय जमेना. एक पुढे धावे, एक मागे खेचे. माणसे हसू लागली, बुवांनी रागाने हात वर केला आणि गाणे न थांबवता हवेत ताल मोजून दाखवला. दुसऱ्या कडव्यात वरची ढोलकी थोडी थांबली. तिसऱ्यात खालची थोडी सैल झाली. कोणत्या क्षणी त्या एक झाल्या ते मला सांगता येणार नाही. पायांत घुंगरू बांधलेले दोन्हीकडचे गडी मधल्या पट्टीत उतरून फेर धरू लागले तेव्हा ते माझ्या ध्यानात आले.

फेराच्या पलीकडे एक काळी बकरी शांतपणे आली होती. तिने ताटात तोंड घातले आणि विडा उचलून चघळू लागली. मी दचकून पुढे झालो, तोच मंदाताईंनी माझे मनगट धरले.

"खाऊ द्या, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "कोनाचा तं झाला एकदाचा."